लेन्स तीच, फ्रेम वेगळी: लेन्स ‘खराब’ ठरवण्याआधी काय तपासावं

लग्नसराई सुरू झाली की आमच्या नागपूरच्या बर्डीतल्या काउंटरवरून भाड्याने गेलेल्या लेन्स परत येताना सोबत तक्रार घेऊन येतात. ‘भाऊ, लेन्स बरोबर नाही हाये, झूम होऊनच येते.’ ‘मित्राच्या कॅमेऱ्यावर हीच पस्तीस लावली तं अख्खा स्टेज येत होता, माझ्यावर अर्धाच काहून?’ ‘कोपरे काळे मारते, काच गेली काय?’ लेन्स तपासली की बहुतेक वेळा ठणठणीत निघते. गिऱ्हाईकही खोटं बोलत नसतो, त्याला जे दिसलं तेच तो सांगतो. बिघाड तिसरीकडेच असतो, आणि दर सीझनला त्याच चार-पाच ठिकाणी सापडतो.

फ्रेममध्ये किती मावणार हे दोन गोष्टींवर ठरतं: लेन्सची फोकल लेंग्थ (तिच्यावर छापलेला ३५, ५० मिमी असा आकडा), आणि सेन्सरचा जेवढा तुकडा त्या वेळी खरोखर वापरात आहे त्याची लांबी-रुंदी. इमेज सर्कल, म्हणजे लेन्स मागच्या बाजूला जी गोल प्रतिमा पाडते तिचा घेर, याचं काम वेगळं. सेन्सरच्या कोपऱ्यापर्यंत प्रकाश पोचेल की नाही, एवढंच ते ठरवतं. ‘फुल फ्रेमची लेन्स आहे, सर्कल मोठं आहे, म्हणजे वाइड येईल’ हे वाक्य मी जितक्यांदा ऐकतो तितक्यांदा ते चुकीचंच असतं. क्रॉप बॉडीवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, मोठ्या सर्कलचा बाहेरचा भाग सेन्सरच्या आजूबाजूला सांडतो आणि वाया जातो.

आधी ती गोल प्रतिमा डोळ्यांनी बघा

ज्यांना हे तोंडी सांगून पटत नाही त्यांना मी दुकानाच्या मागच्या खोलीत नेतो. दिवे बंद, एकच खिडकी उघडी. जुनी मॅन्युअल ५० मिमी लेन्स घ्यायची, ॲपर्चर पूर्ण उघडं, फोकस अनंतावर. लेन्सचं तोंड खिडकीकडे करायचं आणि माउंटच्या मागे साधारण साडेचार सेंटीमीटरवर पांढरा कागद धरायचा. निकॉनच्या एफ माउंटमध्ये माउंट ते सेन्सर हे अंतर ४६.५ मिमी असतं, कॅननच्या ईएफमध्ये ४४ मिमी, म्हणून हा आकडा. कागद किंचित पुढेमागे केला की समोरच्या इमारतीच्या खिडकीतला कूलर उलटा लटकलेला दिसतो, त्याच्या खाली आभाळ. सगळं चित्र गोल, कडेला जरा मंद, आणि त्यापलीकडे काळोख.

आता त्याच कागदावर पेन्सिलने मधोमध ३६ × २४ मिमीचा चौकोन काढा. हा फुल फ्रेम. त्याच्या आत २३.५ × १५.६ मिमीचा दुसरा काढा. हा निकॉन, सोनी, फुजीचा क्रॉप सेन्सर. कॅननचा क्रॉप थोडा आणखी लहान, २२.३ × १४.९ मिमीच्या आसपास. मायक्रो फोर थर्ड्सचा १७.३ × १३ मिमी. मोठ्या चौकोनाचा कर्ण ४३.३ मिमी भरतो, म्हणून फुल फ्रेमच्या लेन्सला निदान तेवढ्या व्यासाचं सर्कल लागतं. निकॉनच्या क्रॉप चौकोनाचा कर्ण २८.२ मिमी, म्हणून डीएक्स, म्हणजे निकॉनच्या क्रॉप बॉडीसाठी बनवलेल्या, लेन्सचं काम तेवढ्या सर्कलवर भागतं, आणि म्हणूनच ती लहान, हलकी आणि स्वस्त करता येते.

आणि कूलरकडे बघा. चौकोन बदलला तरी कागदावरचा कूलर तेवढाच राहतो. आतल्या चौकोनात तो जास्त जागा व्यापतो, एवढंच. ‘झूम होऊन येते’ या तक्रारीचं सगळं रहस्य त्या कागदावर आहे.

दोन सूचना. निकॉनच्या जी मालिकेच्या लेन्सला ॲपर्चरची रिंग नसते आणि बॉडीवरून काढल्यावर पाती मिटतात, तेव्हा मागची लहान दांडी बोटाने सरकवून धरावी लागते. आणि लेन्स सूर्याकडे धरू नका. मे महिन्यात आपल्याकडे कागद जाळायला काही सेकंद पुरतात, आणि डोळ्याचं तर विचारूच नका.

‘झूम होऊनच येते’

ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. तिच्यासाठी एकच हिशेब लक्षात ठेवला की पुरे: समोर किती मीटर रुंदी मावणार म्हणजे अंतर गुणिले सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थ.

लग्नाचा स्टेज सहा मीटर रुंद आहे, तुम्ही सहा मीटरवर उभे आहात, कॅमेऱ्यावर ३५ मिमी. फुल फ्रेमवर ६ × ३६ ÷ ३५, म्हणजे सव्वासहा मीटरला थोडं कमी. स्टेज कडेकडेने मावला. तीच लेन्स निकॉनच्या क्रॉप बॉडीवर लावा: ६ × २३.५ ÷ ३५, चार मीटर. मुलीकडचे मामा-मामी दोन्ही बाजूंनी कापले गेले. लेन्स तीच, उभं राहायची जागा तीच. मित्राकडे फुल फ्रेम आहे आणि तुमच्याकडे क्रॉप, बस. क्रॉप बॉडीवर तोच स्टेज हवा असेल तर ३५ भागिले दीड, म्हणजे २३-२४ मिमी लागेल. बॅगेत पडलेली १८-५५ किट लेन्स २४ वर आणा, ५.९ मीटर मिळतात. लोक किट लेन्सला उगाच नाकं मुरडतात. स्टेजच्या ग्रुप फोटोला एफ ८ वर ती भाड्याच्या प्राइमइतकंच (झूम न होणाऱ्या लेन्सइतकंच) काम करते, हे मी भाड्याचा धंदा करत असूनही सांगतो.

‘मग मागे सरकतो की’ असं कोणी म्हणेल. सरका, पण मग नऊ मीटरवर जावं लागेल, मधे खुर्च्या, पोरं आणि ताट घेऊन फिरणारे काका येतील. शिवाय अंतर बदललं की पुढच्या-मागच्या माणसांचं एकमेकांशी प्रमाणही बदलतं. चेहऱ्यांची आणि खोलीची भाषा अंतर ठरवतं, फोकल लेंग्थ नाही.

अंशांत बोलायचं तर ५० मिमीचा आडवा कोन फुल फ्रेमवर ३९.६ अंश, निकॉन क्रॉपवर २६.४, कॅनन क्रॉपवर २५ च्या जवळ, मायक्रो फोर थर्ड्सवर १९.६. सूत्र असं: सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थची दुप्पट, त्याचा व्यस्त टॅन, गुणिले दोन. पण मी माणसांना मीटरच सांगतो, कारण अंश फसवतात. फुल फ्रेमवर २४ मिमीचा आडवा कोन ७३.७ अंश. फोकल लेंग्थ निम्मी करून १२ केली की कोन दुप्पट होत नाही, ११२.६ वरच राहतो. मावणारी रुंदी मात्र बरोब्बर दुप्पट होते. शिवाय कंपन्या जाहिरातीत आडवा कोन न देता कर्णाचा देतात, तो नेहमी मोठा दिसतो. ५० मिमीला फुल फ्रेमवर ४६.८ अंश लिहिलेलं दिसेल, तो कर्णाचा आकडा. दोन लेन्सची तुलना करताना दोन्हीकडे एकच मोजमाप आहे ना, ते बघा.

‘पण ही तर डीएक्सचीच पस्तीस आहे’

यावर वाद घालणारे बरेच भेटतात. समजूत अशी की क्रॉप बॉडीसाठी बनवलेल्या लेन्सवर ३५ लिहिलं असेल तर कंपनीने दीडपट आधीच धरून तो आकडा छापला आहे. तसं कोणीही करत नाही. लेन्सवर छापलेली फोकल लेंग्थ ही काचेची मोजणी आहे, ती कुठल्या बॉडीवर जाणार याच्याशी तिचा संबंध नाही. पटत नसेल तर एकाच क्रॉप बॉडीवर डीएक्सची ३५ लावून भिंतीचा फोटो घ्या, मग फुल फ्रेमची २४-७० पस्तीसवर आणून तिथूनच घ्या. फ्रेम एकच येईल, फार तर केसभर फरक, कारण छापलेले आकडे गोळाबेरीज केलेले असतात.

मोबाइलवर मात्र उलटं आहे. फोनवाले मुख्य कॅमेऱ्याला ‘२४ मिमी’ म्हणतात तो फुल फ्रेमशी जुळवलेला आकडा असतो. खरी फोकल लेंग्थ काही मोजक्या मिलिमीटरचीच असते, फोटोच्या माहितीत ती सापडते. फोन वापरून मग कॅमेऱ्याकडे येणाऱ्या नव्या पोरांचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

या ‘झूम’चा फायदा सांगणारेही आहेत, विशेषतः पेंच आणि ताडोब्याला जाणारे. ३०० ची क्रॉपवर ४५० होते, वाघ जवळ येतो. हिशेब करून बघा. चाळीस मीटरवर उभा वाघ, खांद्यापाशी मीटरभर उंच धरा. ३०० मिमीने सेन्सरवर त्याची उंची साडेसात मिलिमीटर पडते, बॉडी कोणतीही असो. २४ मिमी उंचीच्या फुल फ्रेममध्ये तो एक तृतीयांशापेक्षा कमी दिसतो, १५.६ मिमीच्या क्रॉपमध्ये जवळजवळ निम्मा. फायदा खरा असतो तो पिक्सेलचा: दोन्ही बॉडी २४ मेगापिक्सेलच्या असतील तर क्रॉपच्या बॉडीत वाघावर जास्त पिक्सेल येतात. पण फुल फ्रेम निकॉन डी८५० सारखी ४५.७ मेगापिक्सेलची असेल तर तिचा क्रॉप कापूनही १९ मेगापिक्सेलच्या वर उरतात, आणि मग फरक फार राहत नाही.

नवी फुल फ्रेम बॉडी घेतली, तरी फ्रेम वाढली नाही

क्रॉपवरून फुल फ्रेमला गेलेला माणूस हौसेने बॉडी घेऊन येतो, जुन्याच लेन्स लावतो आणि म्हणतो, ‘पैसे वाया गेले राजेहो.’ इथे इमेज सर्कल खरोखर आडवं येतं, पण तेही थेट दिसत नाही. बॉडीने डीएक्स किंवा एपीएस-सी (क्रॉप सेन्सरचंच दुसरं नाव) लेन्स ओळखली की ती स्वतःहून सेन्सरचा मधला तुकडाच वापरते. सर्कल लहान आहे, कोपरे काळे पडतील, म्हणून कंपनीने केलेली ही सोय. फ्रेम जुन्या बॉडीइतकीच येते आणि फाइल लहान होते.

खूण फाइलमध्येच सापडते. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीची पूर्ण फाइल ६००० × ४००० च्या आसपास असते. तुमच्या फोटोची मापं ३९३६ × २६२४ किंवा तशी दिसली, म्हणजे दहा मेगापिक्सेल, तर क्रॉप चालू आहे. दुसरं काही तपासायची गरजच नाही.

पुढे माउंटनुसार गोष्ट बदलते. निकॉनच्या फुल फ्रेम डीएसएलआरमध्ये हा आपोआप क्रॉप मेनूतून बंद करता येतो. मग दिसेल की सगळ्या डीएक्स लेन्स सारख्या वागत नाहीत: ३५ मिमी एफ १.८ डीएक्स फुल फ्रेम बऱ्यापैकी भरते, फक्त कोपरे अंधारतात. काही वाइड झूम रुंद टोकाला काळी नळी दाखवतात आणि लांब टोकाला फ्रेम भरतात. टोकिनाच्या ११-१६ ची ही ख्याती आहे, १६ च्या जवळ ती फुल फ्रेमवर चालते. झूमचं सर्कल प्रत्येक फोकल लेंग्थला वेगळं असतं, म्हणून हे होतं.

कॅननच्या जुन्या फुल फ्रेम डीएसएलआरवर ईएफ-एस, म्हणजे कॅननची क्रॉपसाठीची, लेन्स बसतच नाही, मागचा भाग आत येतो आणि आरशाला धोका असतो. पण दुसऱ्या कंपन्यांच्या क्रॉप लेन्स साध्या ईएफ माउंटमध्ये येतात, त्या बसतात, आणि बॉडी बिचारी काही क्रॉप करत नाही. काळं वर्तुळ घेऊन येणारे बहुतेक गिऱ्हाईक हेच. आर मालिकेच्या फुल फ्रेम बॉडीवर ॲडॅप्टर लावून ईएफ-एस बसवली तर बॉडी १.६ पटीने कापते.

याच्या उलट केस जास्त छळते: बॉडी फुल फ्रेम, लेन्स फुल फ्रेम, तरी फ्रेम टाइट. सोनीमध्ये एपीएस-सी / सुपर ३५ हा पर्याय ऑटोवरून ऑनवर गेलेला असतो. कोणीतरी तो एखाद्या बटणावर नेमून ठेवतो, दुसऱ्याच्या हातून ते दाबलं जातं. भाड्याच्या बॉडीत तर मागच्या गिऱ्हाइकाच्या सेटिंग्ज राहून जातात. घेताना मेनू रीसेट करून मागा, दुकानदाराने कुरकुर केली तरी.

फोटो बरोबर, व्हिडिओ टाइट

हे दोन ओळींत संपतं. बऱ्याच बॉडी ४के व्हिडिओत, विशेषतः ६० फ्रेमला, सेन्सरचा मधला भागच वाचतात. सोनी ए७ फोर आणि निकॉन झेड६ टू दोन्ही ४के ६० ला क्रॉप होतात, ४के ३० ला नाही. शिवाय इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन चालू असेल तर ते आणखी थोडं कापतं, कारण फ्रेम हलवायला त्याला कडेला जागा लागते. व्हिडिओ १६:९ असल्यामुळे वरून-खालून जे जातं ते वेगळंच, पण त्याने रुंदी कमी होत नाही. ३६ मिमी तशीच राहते, उंची २४ ची सव्वावीस होते.

कोपरे काळे

इथे घाई करू नका. काळेपणा दोन जातींचा असतो आणि इलाज पूर्ण वेगळे आहेत.

पहिला मऊ असतो, मधून कडेकडे हळूहळू उतरत जाणारा. एफ १.८ वर भिंतीचा किंवा दुपारच्या निळ्या आभाळाचा फोटो घ्या, मग एफ ८ वर घ्या. दुसऱ्यात तो बराचसा गेला तर तुमची लेन्स अगदी निरोगी आहे. उघड्या ॲपर्चरला तिरके येणारे किरण लेन्सच्या नळीतच कापले जातात, ॲपर्चर मिटलं की ते कापणं थांबतं. वाइड लेन्समध्ये थोडं उरतं, तिरप्या प्रकाशाचं ते मूळचंच आहे. बॉडीतलं किंवा लाइटरूममधलं प्रोफाइल ते भरून काढतं. लग्नाच्या फोटोत तर लोक हाच परिणाम मुद्दाम घालतात.

दुसरा कडक असतो. काठ दिसतो, आकार दिसतो. ॲपर्चर मिटलं की तो जात नाही, उलट काठ अजून धारदार होतो. लेन्सपुढे काहीतरी उभं आहे, किंवा सर्कल संपलंय.

चारही कोपरे सारखेच कडक काळे, आणि झूम १८ वरून २२-२४ ला नेल्यावर गेले, तर पहिला संशय फिल्टरवर. आपल्याकडे धुळीच्या भीतीने यूव्ही फिल्टर सगळेच लावतात आणि तो कधी काढत नाहीत. त्यावर व्हिडिओसाठी व्हेरिएबल एनडी, म्हणजे प्रकाश कमी-जास्त कापणारा फिल्टर, चढतो. चढवावाच लागतो म्हणा: भर उन्हात आयएसओ १०० आणि एक पन्नासांश शटर ठेवलं तर साधा हिशेब एफ २२ मागतो, तिथून एफ २.८ ला यायचं तर सहा स्टॉप प्रकाश कापावा लागतो. पण दोन कड्या एकावर एक आल्या की जाडी १८ मिमीच्या कोनात शिरते. यूव्ही काढा, एनडी थेट लेन्सवर लावा. स्टेप-अप रिंग घेऊन मोठा फिल्टर लावणं आणखी बरं.

समोरासमोरचे दोनच कोपरे काळे, म्हणजे उजवा वरचा आणि डावा खालचा किंवा उलट? हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची सावली धरणारी कड. पाकळ्यांच्या हूडच्या लांब पाकळ्या फ्रेमच्या वर-खाली यायला हव्यात, तिथे कोन सर्वांत कमी असतो. हूड पूर्ण फिरून ‘टक्’ आवाज आला नसेल तर लांब पाकळी कोपऱ्याकडे सरकते. काउंटरवर मी लेन्स हातात घेतो, हूड अर्धा सेंटीमीटर फिरवतो, टक् होतं, आणि तक्रार संपते. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे मी त्या क्षणी बघत नाही. दुसऱ्या लेन्सचा हूड लावल्यावरही असंच होतं. धागे जुळतात, कोन जुळत नाहीत.

हूड काढला, फिल्टर काढले, तरी चारही बाजूंनी गोल काळी कड? मग इमेज सर्कलच अपुरं आहे, वरच्या विभागात सांगितलेली क्रॉप लेन्स. किंवा ॲडॅप्टर. स्वस्त ॲडॅप्टरच्या आत चकाकी थांबवायला जी चौकट घातलेली असते ती काही वेळा क्रॉप सेन्सरच्या मापाची निघते. ॲडॅप्टर डोळ्यासमोर धरून आत बघा, चौकटीचं भोक पट्टीने मोजलं तरी अंदाज येतो.

मारबत आणि गल्ली

वाइडचा खरा कस लागतो तो तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, इतवारी आणि महालाच्या गल्ल्यांत. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे गावची इडा-पिडा घेऊन जाणारे उंच पुतळे, मागे बडगे, म्हणजे त्यांच्यासोबत निघणारे लहान पुतळे, ‘घेऊन जा गे मारबत’चा गजर, आणि तुमची पाठ कोणाच्या तरी दुकानाच्या शटरला टेकलेली. मागे सरकायला वाव शून्य.

समजा पुतळा चार मीटरवर आहे आणि उभ्या फ्रेममध्ये सहा मीटर उंची हवी आहे. उभ्या कॅमेऱ्यात लांब बाजू उंचीला येते, म्हणून फुल फ्रेमला ४ × ३६ ÷ ६, म्हणजे २४ मिमी. निकॉन क्रॉपला ४ × २३.५ ÷ ६, सोळा मिमीच्या जरा खाली. किट लेन्सची १८ इथे ५.२ मीटरच देते. क्रॉपवाल्यांनी त्या दिवसासाठी १०-२० सारखी लेन्स न्यावी, ही माझी कायमची शिफारस.

पण नुसत्या आकड्यावर गेलात तरी डोकं कापलं जाईल, आणि याची तक्रार दरवर्षी येते. कॅमेरा सरळ धरला तर फ्रेमची निम्मी उंची तुमच्या डोळ्याच्या खाली जाते. डोळा जमिनीपासून १.६ मीटरवर, वर तीन मीटर, म्हणजे ४.६ मीटरला फ्रेम संपली. खालचा दीडएक मीटर रस्त्यात आणि लोकांच्या पायांत गेला. कॅमेरा वर वाकवला की पुतळा मागे झुकल्यासारखा दिसतो, इमारती आत पडतात. उपाय म्हणजे ओळखीच्या घरची गॅलरी, नाहीतर ओट्यावरची खुर्ची.

तिसरा उपाय महाग आहे, पण या विषयात त्याचा उल्लेख हवा, कारण मोठं इमेज सर्कल इथेच खरोखर पैसे वसूल करतं. कॅननची टीएस-ई २४ मिमी एफ ३.५ एल टू ही शिफ्ट लेन्स. तिचं सर्कल ६७.२ मिमीचं, आणि ती १२ मिमीपर्यंत सरकते. कॅमेरा अगदी सरळ, लेन्स १२ मिमी वर सरकवली. सेन्सर आता मध्यापासून एका बाजूला ६ आणि दुसऱ्या बाजूला ३० मिमी बघतो. सर्वांत दूरचा कोपरा मध्यापासून ३२.३ मिमीवर पडतो आणि सर्कलची त्रिज्या आहे ३३.६. म्हणजे जेमतेम मावतो, आणि लेन्सची सरकण्याची मर्यादा तिथेच का आहे हेही यातून कळतं. चार मीटरवर आता डोळ्याच्या वर पाच मीटर मिळाले, जमिनीपासून ६.६, आणि खाली फक्त एक मीटर. डोकं आलं, रेषा सरळ राहिल्या. फ्रेमचा आकार २४ मिमीचाच आहे, फक्त त्या मोठ्या वर्तुळातला वेगळा तुकडा उचलला गेला. मारबतीच्या गर्दीत ही लेन्स घेऊन जाणारा मला अजून भेटायचा आहे. वाड्यांचे आणि देवळांचे फोटो काढणाऱ्यांनी मात्र एकदा वापरून बघावी.

अतिवाइडचा एक तोटा आधी सांगून ठेवतो: कडेला उभ्या माणसाचा चेहरा आडवा ताणला जातो. ग्रुपमध्ये टोकाला कोणाला उभं करायचं हे विचारपूर्वक ठरवा. ती लेन्सची खराबी नसली तरी काकूंना ते समजावणं अवघड जातं.

उरलेल्या बारीकसारीक तक्रारी

७०-२०० जवळच्या वस्तूवर २०० ला फोकस केली तर मित्राच्या २०० पेक्षा वस्तू लहान येते, ही तक्रार खरी आहे. छापलेली फोकल लेंग्थ अनंतावरची असते. आतल्या आत फोकस करणाऱ्या अनेक झूम जवळ आल्यावर प्रत्यक्षात आखूड होतात. काही जास्त, काही कमी. दुरुस्ती नाही, एक पाऊल पुढे जायचं.

लेन्स आणि बॉडीच्या मधे लावायचा टेलिकन्व्हर्टर फोकल लेंग्थ वाढवतो तसं इमेज सर्कलही त्याच पटीने मोठं करतो. तिथेच लागणारा स्पीड बूस्टर उलटं करतो, दोन्ही लहान. ०.७१ पटीचा बूस्टर ४३.३ मिमीचं सर्कल ३०.७ वर आणतो, क्रॉप सेन्सरच्या २८.२ ला ते पुरतं. म्हणून बूस्टरसोबत फुल फ्रेमची लेन्सच लागते. डीएक्सची लावली की सर्कल वीसएक मिमीवर येतं आणि कोपरे गेलेच समजा.

फिशआयला वरचा हिशेब लावू नका. ती सरळ रेषा वाकवूनच १८० अंश बसवते, तिचं सूत्र निराळं.

काउंटरवर येताना

घरीच खात्री करायची असेल तर भिंतीला मोजपट्टी आडवी चिकटवा, तीन मीटरवर स्टँड लावा आणि फोटोत किती सेंटीमीटर दिसतात ते वाचा. ५० मिमीला फुल फ्रेमवर २१६ च्या आसपास, निकॉन क्रॉपवर १४१, कॅनन क्रॉपवर १३४. पाच-सात सेंटीमीटर इकडेतिकडे सोडून द्या. फुल फ्रेम बॉडीवर १४१ आलं तर लेन्सला हात न लावता मेनू उघडा.

आकडे कुठेच बसत नसतील तर लेन्स जरूर घेऊन या. सोबत बॉडी, त्या दिवशी लावलेला हूड आणि फिल्टर, ॲडॅप्टर असेल तर तोही, आणि कार्डावरची मूळ फाइल. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोची मापंही बदललेली असतात आणि फोकल लेंग्थची नोंदही पुसलेली असते, त्यावरून मला काहीच सांगता येत नाही. दुपारी दोन ते चार उन्हाळ्यात दुकान बंद असतं.